ओंडक्याची रुंदी आणि साखळीचे दात

वादळात उन्मळून पडलेला बांधावरचा निंब, अथवा रस्ता रुंद करताना आडवा झालेला एखादा जुना वृक्ष लिलावात पदरी पडला, की खानदेशातील पारोळे तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो सरपणाचा, आणि जरा उशिराने येतो तो फळ्यांचा. घराला चौकट हवी असते, गोठ्याला तुळई हवी असते, सुताराकडे पाट-पलंग करावयाचे राहून गेलेले असतात. मग अवजारांच्या दुकानात टांगलेले, ५८ घनसेंटिमीटर क्षमतेचे व २२ इंची पट्टीचे, किमतीने हलके असे पेट्रोलवरचे करवत-यंत्र त्याच्या नजरेत भरते. या यंत्राला बोलीत कोणी ‘कटर’ म्हणतात, कोणी ‘चेनसॉ’. ज्या यंत्राने झाड दहा मिनिटांत आडवे होते त्याच यंत्राने त्याच्या फळ्याही निघतील, असा हिशेब सहज मनात बांधला जातो, आणि सगळी गफलत होते ती या हिशेबातच.

लाकूड म्हणजे खोडाच्या लांबीला समांतर उभ्या असलेल्या सूक्ष्म, पोकळ तंतूंचा घट्ट समूह होय. ओंडका आडवा तोडताना दातांचे बाजूचे कोपरे हे तंतू दोन्ही अंगांनी आधी छेदतात, आणि मग दाताची वरची धार मधले आखूड तुकडे नुसते उचलून बाहेर फेकते. फळी काढताना मात्र यंत्राची पट्टी ओंडक्याच्या रुंदीवर आडवी असते व सगळे यंत्र लांबीच्या दिशेने पुढे सरकत असते. त्यामुळे तंतूंची टोके थेट वरच्या धारेच्या समोर येतात, आणि छेदण्याचे सारे काम तिलाच करावे लागते. म्हणून तोडताना जाडसर चिपाड पडते आणि फळी काढताना पिठासारखा भुसा उडतो.

कष्टातील हा फरक आकड्यांनीही पडताळता येतो. दीड फूट, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर व्यासाचा ओंडका एकदा आडवा तोडला, आणि साखळीने पाडलेली चीर ९ मिलिमीटर रुंद धरली, तर जवळजवळ दीड लिटर लाकडाचा भुसा होतो. त्याच ओंडक्याच्या मध्यातून अडीच मीटर लांबीचा एक छेद घेतला, तर दहा लिटर लाकूड चूर्ण होते. एका फळीच्या एका बाजूसाठी यंत्राला सात तोडींचे काम, तेही न थांबता आणि अधिक प्रतिकूल दिशेने, करावे लागते, हे ज्याने ध्यानात घेतले त्याला यंत्राची निवड निम्मी साधली.

उरलेली निम्मी निवड साखळीच्या दातांत आहे, आणि येथे जरा रेंगाळावेसे वाटते, कारण या दातांचा इतिहास मोठा विलक्षण आहे. साखळीला दात लावून कापण्याची कल्पना प्रथम आली ती रानात नव्हे, शल्यगृहात; १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइन या जर्मन वैद्यकाने हाड कापण्यासाठी हाताने फिरवावयाची साखळी-करवत सिद्ध केली होती. लाकडाच्या धंद्यात आंद्रेआस स्टीलने १९२६ मध्ये विजेवरचे आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरचे यंत्र आणले, तरी त्या काळच्या साखळ्यांचे दात लाकूड कापण्यापेक्षा ओरबाडीतच अधिक, आणि त्यांना धार लावणे हा स्वतंत्र उद्योग होऊन बसे. अमेरिकेच्या ओरेगॉन प्रांतातील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ च्या शरदात एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती आपल्या इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या जबड्यांनी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे लाकूड कुरतडीत, तंतूंच्या दिशेची फिकीर न करता सरळ वाट काढीत होती. त्या जबड्यांवरून त्याने जे वाकडे, आलटून-पालटून डावे-उजवे दात घडविले, तेच थोड्याफार फरकाने आज जगभरच्या साखळ्यांवर आहेत. आपण ज्या किडीला लाकडाचा शत्रू म्हणून डांबर फासून हाकलतो, तिच्याकडून एवढी विद्या माणसाने घ्यावी, यात सृष्टीने आपल्यावर उगवलेला थोडासा सूडही असावा.

कॉक्सच्या दाताची वरची धार सामान्यतः ३० अंशांच्या आसपास तिरकी घासलेली असते, आणि तोडीसाठी तीच योग्य. फळ्यांसाठी मात्र ही धार जवळजवळ सरळ, सुमारे १० अंशांपर्यंत, आणलेली साखळी वापरतात. सरळ धारेने कापाची गती किंचित मंदावते, परंतु पृष्ठभाग गुळगुळीत उतरतो आणि दात एका अंगाला ओढ घेत नाहीत. अशी साखळी तयार मिळाली नाही, तर कानस हाती धरणाऱ्याने नेहमीच्याच साखळीचा कोन दर धारेगणिक थोडाथोडा कमी करीत आणावा. माझ्या मते चांगली साखळी लावलेले मध्यम यंत्र हे बोथट साखळी लावलेल्या बलाढ्य यंत्राहून केव्हाही सरस, आणि खरेदीत हीच गोष्ट सर्वांत शेवटी विचारली जाते.

आता यंत्राची क्षमता. या कामासाठी पट्टीला धरणारी जी ॲल्युमिनियमची चौकट मिळते, तिला ‘अलास्कन मिल’ म्हणतात. ओंडक्यावर पहिल्या छेदासाठी सरळ शिडी अथवा फळी ठोकून तिच्यावरून ही चौकट सरकवितात, आणि पुढचे छेद आधीच्या सपाट पृष्ठावरून घेतात. चौकटीच्या पकडीत पट्टीची चार-सहा इंच लांबी वाया जाते, म्हणून २४ इंची पट्टीवर दीड फुटाहून फारसा रुंद ओंडका चालत नाही. त्या रुंदीसाठी ७० घनसेंटिमीटरच्या आत जाऊ नये. त्याहून जाड खोडासाठी स्टीलचे ६६१ (९१ घनसेंटिमीटर, सुमारे सात अश्वशक्ती) किंवा हुस्कवार्नाचे ३९५ (सुमारे ९४), आणि तीन फुटी चिंचेसाठी १२० च्या घरातलीच यंत्रे उपयोगी. दुकानातले ५८ चे यंत्र फांद्या तोडण्यास उत्तम आहे. त्याने फूटभर रुंदीची फळी निघते, पण दुसऱ्या-तिसऱ्या फळीला यंत्र आणि मनुष्य दोघेही तापतात.

तापण्याचा हा मुद्दा खानदेशात गौण मानता येत नाही. या यंत्रांना पाण्याचे शीतन नसते, पंख्याचा वाराच काय तो आधार, आणि वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच मिळते. तोडीत यंत्र काही सेकंद पूर्ण भाराखाली असते. फळीत ते मिनिटामागून मिनिटे असते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना पिस्टन धरण्यास फारसा वेळ लागत नाही. कारागीर म्हणून कार्ब्युरेटरचे मिश्रण या कामापुरते थोडे अधिक पेट्रोलाचे ठेवतात आणि छेद संपताच यंत्र एकदम बंद न करता मिनिटभर मंद चालू देतात. काम मार्गशीर्ष-पौषात काढावे हे उत्तम, कारण उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात ओल्या फळ्यांची टोकेही तडकतात. टोकांना रंग फासून, मध्ये रिपा घालून, सावलीत रचलेली फळी त्यामानाने सुखरूप वाळते.

लाकडागणिकही निवड बदलते. निंब तसा सोशिक, बाभूळ कठीण. सागवानात सिलिकाचे कण असल्याने ते मऊ भासूनही धार लवकर खाते, आणि सातपुड्यातील अंजन तर वजनाने व कठीणपणाने साऱ्यांवर ताण करतो. पण रस्त्याकडेच्या निंबाचा खरा शत्रू त्याच्या पोटात गाडलेला असतो. निवडणुका, शिकवण्या आणि मूळव्याधीचे दवाखाने यांच्या पाट्यांचे खिळे सालीखाली गडप झालेले असतात, आणि एक खिळा साखळीचे कितीतरी दात एका क्षणात खलास करतो.

मग आरा गिरणीचे काय? तिच्या पट्टी-करवतीची चीर दोन-तीन मिलिमीटर असते, साखळीची नऊ-दहा. एक इंची फळ्या काढावयाच्या तर साखळीने चौथा हिस्सा लाकूड भुशात जाते, गिरणीत जेमतेम दहावा. दोन इंची तक्ते काढले तर साखळीची तूट सातव्या हिश्श्यावर येते. म्हणजे साखळी जाड तक्ते, तुळया आणि गिरणीपर्यंत न्यायला न परवडणारे अवजड खोड यांसाठीच खरी, पातळ फळ्यांसाठी गिरणीच श्रेयस्कर.

कायद्याचा विचारही आधी करावा. सागवान, आंबा, चिंच, खैर यांसारखी झाडे तोडण्यावर महाराष्ट्राच्या १९६४ च्या अधिनियमाने बंधने घातली आहेत. गिरण्यांबाबत तर वनसंरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९७ मध्ये महाराष्ट्रातील विनापरवाना आरा गिरण्या तात्काळ बंद करण्याचा हुकूम दिला होता. आपले यंत्र हाताने उचलण्याजोगे आहे, एवढ्यावरून त्याला सर्व मुभा आहे असे समजू नये. तोडीपूर्वी आणि फळ्या विकण्यापूर्वी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कचेरीत विचारपूस करून दाखला हाती घ्यावा.

तात्पर्य काढून देण्यापेक्षा स्पष्ट सल्लाच देतो. बांधावर एकच निंब पडला असेल, तर यंत्र विकत घेऊ नका. खोड गिरणीवर न्या, किंवा चौकट असलेला कारागीर भाड्याने बोलवा. दरवर्षी चार-सहा खोडे हाती येत असतील, तर ७० ते ९० घनसेंटिमीटरचे यंत्र, २४ इंची पट्टी, सरळ धारेच्या दोन साखळ्या आणि एक चांगली कानस घ्या, आणि पैसे कमी पडत असतील तर कमी करा यंत्राच्या नावात, साखळीत नव्हे. कानाला, डोळ्याला, नाकातोंडाला आच्छादन आणि पायात जाड जोडे यांच्याशिवाय मात्र यंत्राची दोरी ओढू नका.