वळिवड्याची छावणी : आठवण आणि दस्तऐवज

दुसऱ्या महायुद्धातील विस्थापितांचे स्मरणलेखन अभ्यासण्यासाठी आपल्याला युरोपपर्यंत जाण्याची गरज नाही. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. ही मुले पुढे निरनिराळ्या देशांत विखुरली. त्यांच्या संघटनेने लंडनमधून २००० साली पोलिश भाषेत एक सामूहिक स्मृतिग्रंथ प्रसिद्ध केला; २००९ साली तो इंग्रजीत आला. मूळ शीर्षकातच ‘दस्तऐवज’ आणि ‘आठवणी’ असे दोन्ही शब्द आहेत, हे लक्षात घ्यावे.

येथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. नाझी राजवटीने सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली; त्या संहारातून वाचलेल्यांचे लेखन हा स्वतंत्र प्रवाह आहे. वळिवड्याचे बहुसंख्य रहिवासी कॅथलिक पोलिश होते आणि त्यांना हद्दपार केले होते ते सोव्हिएत सत्तेने. मराठीत आपण ऑशविट्झलाही ‘छावणी’ म्हणतो आणि वळिवड्यालाही. एक मारण्यासाठी होती, दुसरी जगवण्यासाठी. शब्द एक असला म्हणून अनुभव एक होत नाही.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून आक्रमण केले. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून शिरल्या. १९४०–४१ मध्ये पूर्व पोलंडमधील लाखो लोक सैबेरिया व कझाकस्तानकडे नेण्यात आले. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि ३० जुलैला पोलंडच्या निर्वासित सरकारशी सोव्हिएतांनी करार केला. बंदिवान सुटले, पण करारातील शब्द होता ‘सर्वक्षमा’. क्षमा अपराध्याला करतात. या माणसांचा अपराध कोणता होता? दस्तऐवजाची भाषा अशी निरपराधांनाही दोषी ठरवून मोकळी होते. ती तपासायची तर आठवणीच हाताशी लागतात. उलट, बालपणीच्या आठवणीत भूक, थंडी, आईचा हात टिकून राहतो. तारीख आणि अंतर मात्र पुष्कळदा मोठेपणी कागदावरून जोडलेले असते. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचावे.

१९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून हे लोक इराणात आले आणि त्यांतील काही पुढे हिंदुस्थानात. वळिवड्यात शाळा, प्रार्थनामंदिर, रुग्णालय उभे राहिले. पोलिश गेल्यावर त्याच जागी फाळणीने बेघर झालेले सिंधी आले. आजचे गांधीनगर ते हेच. या दुसऱ्या विस्थापनाचे स्मरणलेखन मराठी वाचकाला फारसे परिचित नाही, ही उणीवच म्हणावी लागेल.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील स्थलांतर केलेल्या एका वृद्ध व्यक्तीची आठवण तिच्याच शब्दांत लिहून घ्या. ती ‘मी’ कोठे म्हणते आणि ‘आम्ही’ कोठे, याची नोंद करा.