दुसऱ्याच्या ताटातलं वाचताना



आज आम्ही बोलणार आहोत एका वेगळ्याच वाचनाबद्दल. वर्तमानपत्राच्या पुरवणीत शहरातल्या खाणावळी आणि हॉटेलांवर लेख येतात. आपण पुरवणीतली पाककृती तेवढी कापून ठेवतो आणि हॉटेलवरचा लेख सोडून देतो. मुंबईला जाऊन कोण जेवणार, असं वाटतं. पण चांगला लेख असला, तर तो जेवायला न जाताही वाचावा असा असतो. का, ते सांगतो.

माणूस पोटासाठी मुलूख सोडतो, तेव्हा जिभेची चव बरोबर नेतो. मुंबईचे इराणी घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द, केरमान भागातून ही मंडळी आली आणि त्यांनी चहाची दुकानं काढली. धोबीतलावचं कयानी १९०४ सालचं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ सालचं. माटुंग्याला दक्षिणेकडच्या लोकांची वस्ती वाढली, तशी तिथे इडली-डोशाची उडपी हॉटेलं आली. अशा हॉटेलाबद्दल वाचताना कोण कुठून आलं, कशासाठी आलं, इथे काय मिळालं नाही म्हणून काय बदललं, हे सगळं कळतं. इतिहासाचं पुस्तक हातात न घेता इतिहास वाचून होतो.

दुसरा आनंद शब्दांचा. आपण जेवून उठलो की म्हणतो, “छान झालं होतं.” एवढ्यावर आपलं संपतं. लिहिणारा मात्र सांगतो की ब्रून पाव वरून कडक आणि आतून मऊ असतो, लोणी लावून चहात बुडवला की कडकपणा जातो, पण चव राहते. वाचताना आपल्याच तोंडाला पाणी सुटतं. मग आपल्या पिठल्याबद्दलही असं बोलता येईल का, हे मनात येतं. बेसन किती शिजलं, मिरची ठेचलेली की चिरलेली, भाकरीला पापुद्रा सुटला का? नीट सांगता आलं, तर आपल्या गटाचा मसाला किंवा पापड विकतानाही तेच शब्द कामाला येतात. “घरगुती, उत्तम” असं तर प्रत्येक पाकिटावर छापलेलं असतं.

मुंबईत बेहराम कॉन्ट्रॅक्टर हे ‘बिझी बी’ या टोपणनावानं लिहिणारे पत्रकार होऊन गेले. ते शहरातल्या खाण्याच्या जागांवरही लिहीत. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात जोनाथन गोल्ड नावाचे लेखक होते. महागड्या हॉटेलांपेक्षा मेक्सिको, कोरिया, थायलंडहून आलेल्या लोकांच्या लहान खाणावळी आणि रस्त्यावरच्या गाड्या त्यांनी जास्त शोधल्या. २००७ साली त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. हॉटेलांवर लिहिणाऱ्याला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. टेबलावर पांढरी चादर नसली तरी ताटातलं अन्न मोलाचं असू शकतं, हे त्यांनी वाचकांना दाखवलं.

आता मुद्द्याची गोष्ट. असे लेख वाचताना आपण बायकांनी एक प्रश्न विचारत राहावा: रांधलं कोणी? ब्रिटानियाचा बेरी पुलाव नावाजलेला. त्यात इराणची लहान, आंबट, लाल फळं घालतात. लोकांना ठाऊक होते ते गल्ल्याजवळचे मालक बोमन कोहिनूर. पण हा पदार्थ त्यांच्या पत्नीनं इराणहून शिकून आणलेला.

आणि ज्यांच्यावर लेखच आला नाही, त्यांचं काय? कोकणातून, घाटावरून गिरणीत कामाला गेलेले पुरुष एकेका खोलीत दाटीनं राहत. बायकापोरं गावी. त्यांना दोन वेळचं जेवण दिलं ते गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांनी, आपल्याच खोलीतल्या चुलीवर. पाटी नाही, टेबल नाही, मग त्यावर लिहायला कोण येणार? पैसे महिन्याला मिळत, किराणा मात्र रोज लागे, म्हणून त्या सावकाराच्या व्याजात अडकत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बचत गट हा शब्द आपल्या ओठी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

म्हणून आम्हाला वाटतं, हे वाचन आपल्या कामाचं आहे. विंचूर-लासलगावच्या कांद्याच्या खळ्यांवर, द्राक्षबागांत बाहेरगावची माणसं कामाला येतात. तीही आपली चव घेऊन येतात. कोणी भात मागतं, कोणी नागलीची भाकरी. त्यांना जेवू घालणारी एखादी बाई तुमच्या गल्लीतही असेल. तिच्याबद्दल चार ओळी लिहिल्या, तर तिला गिऱ्हाईक मिळेल आणि तिच्या कामाची कुठे तरी नोंदही राहील.

लिहायचं तर काही पथ्यं पाळावीत. एकदाच जेवून मत देऊ नये, दोन-तीनदा जावं. पैसे आपले आपण द्यावेत, फुकट जेवून केलेल्या कौतुकाला किंमत नसते. भाजी खारट झाली असेल तर तसं लिहावं, पण कोणाच्या जातीवर, गावावर घसरू नये. भाव, वेळ, पत्ता नीट द्यावा. आणि रांधणारीचं नाव तिला विचारून जरूर लिहावं.

गटाच्या येत्या बैठकीला पुरवणीतला असा एखादा लेख घेऊन या. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. मग प्रत्येकीनं आपल्या आवडीच्या एका पदार्थाबद्दल बोलावं. अट एकच, “छान” हा शब्द वापरायचा नाही.