आवाज येतोय का, वाशिम?

गारपिटीच्या बातमीला मुदत गारांची. त्या वितळल्या की ओलं शेत उरतं, आणि ओल्या शेतात मुंबईच्या डेस्कला गारपीट दिसत नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चात आभाळ काळवंडलं की वाशिमचा टीव्ही बातमीदार रिसोडच्या नाही तर मालेगावच्या रस्त्याला लागलेला असतो. दुचाकी, पाठीवर बॅग, बॅगेत मोबाईल, गिंबल, माईक, माईकवर चढवायचा वाहिनीचा आयडी आणि हे सगळं गुंडाळायला प्लास्टिकची पिशवी. अशाच एकाच्या मागे बसून मी फिरलो. शेतात पोचताच त्यानं शेतकऱ्याला ओंजळ पुढे करायला सांगितली. गारा तळहातावर दिसल्या तरच त्यांचा आकार कळतो. मग आडवा झालेला गहू, फुटलेले हरभऱ्याचे घाटे, झाडाखाली पडलेली संत्री. मोबाईल कायम आडवा. बाईट सगळ्यात शेवटी.

‘आधी मानसाले बोलू द्या लागते, कॅमेरा बंद ठेवून,’ तो म्हणाला. ‘सुरुवातीले मी एका काकाजीले विचारलं, कसं वाटून रायलं? ते म्हने, तुह्या बापाचं वावर गेलं असतं त तुले कसं वाटलं असतं? तू सांग, मी तेच बोलतो.’ हा किस्सा तो आजही मनापासून हसून सांगतो. पण त्या दिवसापासून तो प्रश्न त्यानं टाकून दिला. किती एकर, काय पेरलं होतं, विमा उतरवला का, पंचनाम्याला कुणी आलं का, एवढंच विचारतो. पत्रकारितेच्या वर्गात यापेक्षा चांगला धडा मिळत असेल असं मला वाटत नाही.

असा बातमीदार बहुतेकदा वाहिनीच्या नोकरीत नसतो. तो स्ट्रिंगर. बातमी लागली तर तिचे पैसे, नाही लागली तर पेट्रोल त्याच्या खिशातून. 1955 चा श्रमिक पत्रकार कायदा लिहिला गेला तो वृत्तपत्रांसाठी. टीव्हीच्या बातमीदाराला त्यात जागा नव्हती. मग कुणाची शेती असते, कुणाचं झेरॉक्सचं दुकान, कुणी लग्नसराईत शूटिंग करतो. वयानं मोठे आहेत ते कॅसेटच्या दिवसांची आठवण काढतात. 2000 साली ई-टीव्ही मराठी आलं, 2007 मध्ये स्टार माझा आणि झी 24 तास, पुढच्या वर्षी आयबीएन लोकमत. त्या काळी कॅसेट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची आणि पलीकडच्या गावी ती कुणी उतरवून घेतली का, याची रात्रभर काळजी करायची.

जिल्हाधिकारी कार्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर ही मंडळी भेटतात. मुंबईच्या स्टुडिओंत त्यांच्या वाहिन्या एकमेकींच्या पुढे धावत असतात. इथं मात्र एकाला मानोऱ्याला जाणं जमलं नाही, तर दुसरा त्याचाही आयडी घेऊन जातो आणि दोन माईक एकाच मुठीत धरतो. दृश्यं व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतात आणि तासाभरात पाच पडद्यांवर ‘एक्सक्लुझिव्ह’ झळकतं. ‘एकाच म्हशीचं पाच घरी दूध,’ टपरीवाले भाऊ म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते हेच लोक. याला कुणी नक्कल म्हणेल. मला ते पटत नाही. सहा तालुक्यांचा जिल्हा, मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत पसरलेला, आणि खिशात मोजकं पेट्रोल. एकमेकांवर भरवसा ठेवला नाही, तर निम्म्या गावांची बातमी कधीच होणार नाही.

थट्टेचा कायमचा विषय म्हणजे डेस्कचा फोन. नवा मुलगा घाईत वाशिमला वाशी समजतो आणि विचारतो, खाडीपुलावर गर्दी किती आहे? ‘साहेब, आमच्याकडे खाडी नाही, पैनगंगा आहे.’ लाइव्हची गंमत आणखी निराळी. ‘आवाज येतोय का, वाशिम?’ हा प्रश्न कानात उशिरा पोचतो, तोवर बातमीदार नुसती मान हलवत उभा. मागे पोरं हात हलवतात. त्यांना फ्रेमबाहेर धरून ठेवायचं काम दुसऱ्या वाहिनीवाल्याचं. पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत तर माणसांच्या गर्दीनं नेटवर्कच बसतं. फाईल चढवायची म्हणून दुचाकी काढून दिग्रसच्या रस्त्यानं रेंज मिळेपर्यंत जायचं.

2024 मध्ये वाशिम दोनदा देशभर दिसलं. जुलैत प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांची पुण्याहून इथं बदली झाली आणि दिल्लीचे कॅमेरे शहरात उतरले. 5 ऑक्टोबरला पोहरादेवीत बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. दोन्ही वेळा रस्ते, माणसं, फोन नंबर बाहेरच्यांना पुरवले ते या मंडळींनीच. पण ओबी व्हॅन परत गेल्या तेव्हा बाजार समितीत नवं सोयाबीन येत होतं. त्या हंगामाचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल, आणि हर्रासीतली बोली त्याच्या खाली.

ज्याच्या मागे बसून मी फिरलो, त्यानं डेस्कला फोन केला. ‘व्हिज्युअल काय आहे?’ ढीग आणि पोती यांना डेस्क व्हिज्युअल मानत नाही. मग त्यानं हर्रासीचा आवाज घेतला, शेतकऱ्याच्या हातातली हिशेबाची पट्टी जवळून टिपली आणि स्क्रिप्टमध्ये पहिल्याच ओळीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. बातमी लागली. दुसऱ्या दिवशी यार्डात एका शेतकऱ्यानं हटकलं, ‘भाऊ, काल तं टीव्हीवर दाखवलं ना? मंग आज भाव काऊन नाही वाढला?’

‘ओलावा किती काढला तुमचा?’ त्यानं विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत माईकवर आयडी चढवून झाला होता.