पांढऱ्याला लागणारी आच

श्रावणात मुंबई-पुण्यातल्या छपाईच्या गाळ्यांत गणेश मंडळांच्या टीशर्टांचे गठ्ठे कमरेएवढे रचलेले असतात. बरेचसे काळे किंवा मरून, छातीवर मंडळाचं नाव, पाठीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत ‘कार्यकर्ता’. विसर्जनाच्या मिरवणुकीत टीशर्ट घामानं आणि पावसानं भिजतो, मग धुवायला पडतो, आणि दोरीवर वाळत घालताना अक्षरांना तडे गेलेले दिसतात. बोल लागतो शाईच्या डब्याला. माझ्या मते बहुतेक वेळा दोष आचेचा असतो.

टीशर्टवर सर्रास वापरली जाते ती प्लास्टिसोल शाई. १९२६ साली अमेरिकेत गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन यांनी कडक पीव्हीसी मऊ करण्याची वाट शोधली. ही शाई त्याच वाटेवरची. पीव्हीसीचे बारीक कण प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवलेले असतात. उडून जाईल असं त्यात जवळपास काही नसतं, त्यामुळे रात्रभर छपाईच्या जाळीवर (स्क्रीनवर) राहिली तरी ती सकाळी ओलीच सापडते. तिला उष्णताच लागते. तापू लागली की कण भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखे द्रव पिऊन फुगतात आणि थर हाताला कोरडा लागतो. पण कण अजून एकजीव झालेले नसतात. नेहमीच्या प्लास्टिसोलला साधारण १६० अंश सेल्सिअसची आच मिळाली, तीही थराच्या तळापर्यंत, की मग त्यांचा अखंड पापुद्रा होतो आणि तो धाग्यांना धरून बसतो. हाताला कोरडं लागणं आणि पक्कं होणं यांत चाळीस-पन्नास अंशांचं अंतर आहे. फसगत होते ती इथेच.

पांढऱ्याची गोष्ट आणखी अवघड. काळं कापड झाकायचं म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइड ठासून भरलेला असतो, आणि तो ड्रायरच्या किरणांतला बराच भाग परतवून लावतो. काळी शाई तीच उष्णता शोषून घेते. ड्रायरच्या एकाच पट्ट्यावरून, एकाच वेगानं दोन्ही सोडल्या तर काळी पक्की होऊन बाहेर येते आणि पांढरी कच्ची राहू शकते. शिवाय पांढऱ्याचा थर जाड. एक हात मारायचा, फ्लॅशखाली, म्हणजे थर जरासा सुकवणाऱ्या हीटरखाली, धरायचा, वर दुसरा हात मारायचा. आच वरून येते, त्यामुळे कापडाला धरून ठेवणारा सगळ्यात खालचा भाग शेवटी तापतो.

फ्लॅश देताना कारागिराचा खरा कस लागतो. रंग बोटाला लागेनासा झाला की थांबायचं. जास्त तापवलं तर खालचा थर आधीच पक्का होतो, वरचा त्याला नीट चिकटत नाही आणि धुण्यात सालपटासारखा सुटतो. दिवसभरात टीशर्ट चढवायचा पाटही तापत जातो, म्हणून सकाळी लागणारा वेळ दुपारी कमी करावा लागतो. चांगला छापणारा हे घड्याळापेक्षा बोटानं ओळखतो.

शेवटच्या आचेला मात्र बोट चालत नाही. लेझरची खूण दाखवणारी तापमानाची बंदूक फक्त पृष्ठभाग मोजते. वर १६० दिसलं तरी तळ मागे असू शकतो. तापमान मोजणारी थर्मोकपलची तार ओल्या शाईत टेकवून टीशर्टबरोबर ड्रायरमधून सोडली, तरच खरा आकडा कळतो. पावसाळ्यात तर हे हवंच. सुती कापड हवेतला ओलावा धरतं आणि आधी तो घालवण्यात आच खर्ची पडते. मे महिन्यात बसवलेला पट्ट्याचा वेग ऑगस्टमध्ये तसाच ठेवला की माल कच्चा निघतो. मग पट्टा हळू करावा लागतो, आणि ऑर्डर तोंडावर आलेली असताना नेमकं तेच कोणाला नको असतं.

छपाई थंड झाल्यावर दोन्ही हातांनी ताणून पाहावी. कच्ची असली तर तडकते. पण ताणून टिकली म्हणजे धुण्यातही टिकेल असं नाही, म्हणून गठ्ठा बांधण्याआधी एक टीशर्ट चार-पाच वेळा धुऊनच बघावा.

पॉलिस्टरची जर्सी आली की पेच उलटा पडतो. तिथे जास्त आच दिली तर कापडाचा डिस्पर्स रंग वायुरूप होऊन शाईत चढतो आणि लाल जर्सीवरचं पांढरं नाव गुलाबी होतं. कधी लगेच, कधी गठ्ठ्यात दोन दिवस दाबून राहिल्यावर. त्यासाठी साधारण १३० अंशांच्या आसपास पक्की होणारी, रंग अडवणारी वेगळी पांढरी शाई मिळते. ती महाग असते, म्हणून जर्सीचं काम घेतानाच तिचा भाव धरून दर सांगावा.