दुःखवाचक इंग्रजी शब्द आणि आमचे एक पत्र

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील गणिताचे एक तरुण शिक्षक अल्पशा आजाराने वारले. ते तमिळभाषी होते. त्यांच्या वडिलांस मराठी येत नव्हते व आम्हांस तमिळ येत नव्हते. तेव्हा दुखवट्याचे पत्र इंग्रजीतून धाडणे भाग पडले. कचेरीतील जुना नमुना समोर ठेवून आम्ही ते सिद्ध केले. 'रिग्रेट' हा शब्द त्यात दोनदा आला होता. आठवड्याभराने उत्तर आले. वडिलांनी आभार मानून लिहिले होते की, शाळेने रिग्रेट मानावे असे तिच्या हातून काहीच घडलेले नाही. मुलगा तेथे सुखात होता. आमचे सांत्वनपत्र त्या वृद्ध गृहस्थांनी क्षमापत्र समजून वाचले, आणि स्वतः पुत्रशोकात बुडालेले असताना उलट आमचेच समाधान केले!

आयुष्यभर वर्गात इंग्रजी शिकविलेल्या माणसाच्या हातून हे घडावे याची लाज आम्हांस अजून वाटते. परंतु चूक केवळ घाईची नव्हती. ज्या रीतीने आपण हे शब्द शिकतो व शिकवितो, त्या रीतीतच ती आहे, असे आमचे मत झाले आहे.

शालेय कोशात पाहावे तर 'ग्रीफ' म्हणजे दुःख, शोक. 'सॉरो' म्हणजे शोक, दुःख. 'अँग्विश' म्हणजे तीव्र दुःख. विद्यार्थ्याने फरक विचारलाच, तर आपण फळ्यावर एक शिडी काढतो: खालच्या पायरीवर 'सॅडनेस', तीवर 'सॉरो', मग 'ग्रीफ', आणि माथ्यावर 'अँग्विश'. आम्हीही ही शिडी अनेक वर्षे काढली. ती सोयीची आहे, पण खोटी आहे. या शब्दांतला भेद दुःख किती झाले याचा नसून मुख्यतः ते कोणत्या जातीचे आहे याचा आहे.

'ग्रीफ'पासून आरंभ करू. लॅटिनमध्ये 'ग्राविस' म्हणजे जड; त्यापासून जुन्या फ्रेंचच्या वाटेने हा शब्द इंग्रजीत आला. आपल्या संस्कृतातील 'गुरु', म्हणजे भारी, हा याच 'ग्राविस'चा भाऊबंद होय. तेव्हा 'ग्रीफ' हा छातीवर येऊन पडलेला भार आहे. आणि भार कोठून तरी येऊन पडावा लागतो. 'ग्रीफ'मागे एक ठळक घटना असते, बहुतेक वेळा मृत्यू. म्हणूनच इंग्रज माणूस 'ग्रीफ-स्ट्रिकन' म्हणतो, म्हणजे ज्याला तडाखा बसला आहे असा. कारणावाचूनच्या उदासीनतेला 'ग्रीफ' म्हणता येत नाही. सी. एस. लुइस या लेखकाची पत्नी 1960 साली वारली. त्या काळात लिहिलेल्या टिपणांचे पुस्तक त्यांनी 1961 मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केले. त्याच्या नावात 'ग्रीफ' आहे, 'सॉरो' नाही. आणि ते यथार्थच आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 साली आपल्या रोगनिदानाच्या ग्रंथात लांबलेल्या शोकाचा एक विकार म्हणून समावेश केला, व प्रौढांच्या बाबतीत मृत्यूनंतर किमान 12 महिने लोटले पाहिजेत अशी अट घातली. त्या विकाराच्या नावातही 'ग्रीफ' हाच शब्द आहे. शोकाला रोग म्हणावे की नाही, यावर विद्वानांत वाद आहे, तो त्यांचा त्यांना लखलाभ असो. आपण एवढेच पाहावे की, ज्याचा आरंभ दिनदर्शिकेवर दाखविता येतो अशा दुःखासाठी हा शब्द निवडला गेला.

'सॉरो' याहून वेगळा. तो अस्सल जुन्या इंग्रजीतला. त्याचा जर्मन आप्त 'झोर्गं', म्हणजे चिंता, काळजी. यात तडाखा नाही, मुक्काम आहे. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाविषयी आईच्या मनात आज जे असते, त्यास 'सॉरो' म्हणणे अधिक शोभते. शिवाय 'सॉरो'चे अनेकवचन सहज होते. आपण जसे संसारातील सुखदुःखे म्हणतो, तसे इंग्रज आपल्या भाषेत 'सॉरोज' म्हणतो. 'ग्रीफ'चे अनेकवचन क्वचित दिसते. गटेची 1774 सालची वेर्टरवरील कादंबरी इंग्रजीत 'सॉरोज'च्याच नावाने ओळखली जाते. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ यातना किंवा भोग असा आहे. पण हळूहळू साचत गेलेल्या त्या तरुणाच्या दुःखाला भाषांतरकारांनी 'ग्रीफ' म्हटले नाही, हे लक्षणीय आहे.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. 'सॉरी' हा शब्द 'सॉरो'पासून निघाला असे पुष्कळ शिक्षक सांगतात. आम्हीही सांगत असू. ते बरोबर नाही. 'सॉरी'चे मूळ ठणका किंवा जखम या अर्थाच्या वेगळ्याच शब्दात आहे. पुढे 'सॉरो'च्या सहवासाने त्याचा उच्चार बदलला. आज त्याची गत अशी की, बसमध्ये पायावर पाय पडला तरी 'सॉरी', आणि कोणाचा बाप गेला तरी 'सॉरी'. यावर हसण्याचा अधिकार मात्र आपणांस नाही. आपल्या बखरींत माणूस 'दिलगीर' होतो तो खरोखर उदास होतो. फारसीतील मूळ अर्थच काळीज धरले गेले असा. आज 'दिलगिरी' वृत्तपत्राच्या कोपऱ्यात, मुद्रणदोषाबद्दल व्यक्त होते!

'अँग्विश'चे मूळ अरुंदपणात आहे. लॅटिनमध्ये 'अंगुस्तुस' म्हणजे चिंचोळे. गळा आवळणे या अर्थाचा धातू त्याच कुळातला. वेदांतील 'अंहस्', म्हणजे संकट किंवा कोंडी, हाही त्याच घराण्यातला शब्द. ज्यास श्वास घ्यावयास जागा उरली नाही, त्याची ती अवस्था. येथे शिडी कशी फसते ते पाहा. हरवलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईस 'अँग्विश' असतो. मूल गेल्याचे कळले की 'ग्रीफ' सुरू होतो. ही एकाच दुःखाची वरची व खालची पायरी नव्हे. पहिल्यात कोंडी आहे, दुसऱ्यात भार आहे.

'सॅड' या शब्दाची कथा गमतीची आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ तृप्त, पोट भरलेला असा होता. भरलेला म्हणून जड, जड म्हणून गंभीर, आणि गंभीर म्हणून खिन्न, असा तो घसरत आला.

'मोर्निंग' आणि 'बिरीव्हमेंट' हे तर भावनेचे शब्द म्हणून शिकविणेच चुकीचे. 'बिरीव्हमेंट' ही वस्तुस्थिती आहे. त्याच्या मुळाशी लुटणे हा अर्थ आहे. घरातील माणूस मृत्यूने हिरावून नेले, एवढेच तो सांगतो. मागे राहिलेल्यास काय वाटते, हे त्यात येत नाही. 'मोर्निंग'मध्ये मनातली वेदनाही येते, पण त्याचा ठळक अर्थ बाहेर दिसणारा आचार, आपला दुखवटा. (सकाळचे 'मॉर्निंग' कानाला तसेच लागत असल्यामुळे आमचा एक विद्यार्थी रोज आम्हांस शुभ दुखवटा लिहीत असे.) राणी व्हिक्टोरियाचे पती 1861 च्या डिसेंबरात वारले, तेव्हापासून 1901 मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत तिने काळा वेष सोडला नाही. तो चाळीस वर्षांचा 'मोर्निंग' सर्व जगाने पाहिला. तिच्या 'ग्रीफ'चे मोजमाप कोण करणार?

मग मराठीत यांस प्रतिशब्द कोणते? आमचे उत्तर असे की, 'दुखवटा' सोडला तर एकास एक असे जुळणारे शब्द शोधू नयेत. आपल्या पूर्वजांनी दुःखाची वाटणी निराळ्या रीतीने केली आहे. 'शोक' ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ जळणे, झळकणे. 'विषाद' म्हणजे खाली बसणे, खचणे. 'व्यथा' म्हणजे थरथरणे. अर्जुनाला रणांगणावर झाला तो विषाद. त्याचे कोणी अद्याप मेले नव्हते, म्हणून त्यास 'ग्रीफ' म्हणताना इंग्रजी भाषांतरकाराने क्षणभर थांबले पाहिजे. इंग्रजाचे दुःख जड होते, आपले जळते. वर्गात ही चित्रे समोर ठेवावीत, आणि कोणास, कशाने, केव्हापासून, असे तीन प्रश्न विचारून वाक्यावरून शब्द ठरवावयास लावावा. आम्ही हा प्रयोग गेली काही वर्षे नववीच्या वर्गात करीत आहो. मुले चुकतात, पण चूक का झाली ते सांगू शकतात.

राहिला 'रिग्रेट'. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ मृतासाठी विलाप करणे असा होता, हे आम्हांस फार उशिरा कळले. शतकानुशतके कचेऱ्यांतून फिरून त्याचे पाणी आटले. आज नोकरीचा अर्ज नाकारताना जो शब्द येतो, तोच मृत्यूच्या पत्रात आला तर वाचणारा गोंधळणारच.

ते पत्र आज लिहावयाचे झाले, तर आम्ही वडिलांच्या दुःखास 'ग्रीफ' म्हणू आणि शाळेच्या दुःखास 'सॉरो'. घाव त्यांच्यावर पडला होता. आम्ही त्या दुःखात सहभागी होतो, आणि सहभाग्याने घाव आपल्यावर पडल्याचे म्हणू नये. अपवाद एकच केला असता. चित्रकलेचे शिक्षक त्या तरुणाबरोबर एकाच खोलीत सहा वर्षे राहत असत; पुढे कित्येक महिने ते दोन कप चहा करीत आणि एक ओतून देत. त्यांचे नाव पत्रात घालून त्यापुढे आम्ही 'ग्रीफ' हाच शब्द लिहिला असता.