जुहू-पार्ल्यातून निघालेली मुक्त अक्षरे

आज आपल्या घरात दोन-दोन लिप्यांचा वापर सर्रास होतो. मुलांचा अभ्यास आणि शेजाऱ्यांशी निरोपानिरोपी मराठीत, तर आजोबांचे वाचन आणि लग्नपत्रिकेचा एक भाग उर्दूत. मोबाइलवर ही दोन्ही अक्षरे इतक्या सहज उमटतात, की ती तिथे कशी आली हा प्रश्नही आपल्याला पडत नाही. त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग विलेपार्ल्याच्या परिसरात सापडतो.

विलेपार्ले स्टेशनच्या पश्चिमेला उतरून जुहूच्या दिशेने निघाले, की मिठीबाई, द्वारकादास संघवी अशी महाविद्यालये लागतात. त्याच जुहू-विलेपार्ले डेव्हलपमेंट स्कीमच्या भागात, गुलमोहर रस्त्याच्या बाजूला, सी-डॅक या सरकारी संस्थेचे मुंबईतील कार्यालय आहे. पूर्वी या संस्थेचे नाव एन.सी.एस.टी., म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, असे होते. १९८५ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी. १९८६-८७ च्या सुमारास एन.सी.एस.टी. आणि आयआयटी मुंबई यांच्यात ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. भारतात इंटरनेट रुजण्याची ती सुरुवात होती. याच संस्थेत पुढे भारतीय लिप्यांचे मोलाचे काम झाले.

मोफत आणि मुक्त यांतला फरक

आधी 'मुक्त सॉफ्टवेअर' म्हणजे काय ते समजून घेऊ. संगणकाचा प्रत्येक प्रोग्राम म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचनांची वही असते. बहुतेक कंपन्या ही वही कुलुपात ठेवतात. आपल्याला फक्त वापरण्याची परवानगी मिळते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये वही उघडी असते. कोणीही ती वाचावी, तपासावी, चूक असेल तर सुधारावी आणि पुढे वाटावी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ही चळवळ अमेरिकेत सुरू केली. 'जीपीएल' हा परवाना १९८९ चा. त्याची एक अट मोठी मार्मिक आहे: तुम्ही सुधारणा करून ती वाटलीत, तर घेणाऱ्यालाही तेच हक्क द्यायचे. मिळालेले दान अडवून ठेवायचे नाही. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली आणि या विचाराला मोठे बळ मिळाले.

अक्षर पडद्यावर उमटते कसे?

इंग्रजीत 'ए'पुढे 'बी' ठेवला की काम झाले. आपल्या लिपीत तसे नाही. 'किताब' लिहिताना आपण आधी 'क' आणि मग वेलांटी टाइप करतो, पण पडद्यावर वेलांटी आधी दिसायला हवी. 'क' आणि 'ष' जुळले की 'क्ष' असे तिसरेच रूप तयार होते. उर्दूत तर एकच 'बे' शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी निरनिराळा दिसतो.

पूर्वी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी होती. एका संगणकावर टाइप केलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला की चिन्हांची खिचडी व्हायची. डीटीपीचे काम केलेल्यांना हा त्रास चांगलाच आठवत असेल. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. पण क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर दिसत नाही. त्यासाठी फॉन्ट हवा आणि अक्षरांची जुळणी जाणणारा प्रोग्रामही हवा.

एकाच हाताचे दोन फॉन्ट

इथे प्रा. रघुनाथ कृष्ण जोशी यांचे नाव घ्यावे लागते. हे मराठी कवी आणि सुलेखनकार. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये अध्यापन केल्यावर ते एन.सी.एस.टी.मध्ये काम करू लागले. विंडोज २००० सोबत घरोघर पोहोचलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांच्याच हातचा. तो मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा. याच जोशी सरांच्या अक्षरांचा 'रघु' हा फॉन्ट मात्र एन.सी.एस.टी.ने जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला केला. 'मंगल' वापरता येत होता, पण त्यात बदल करून तो वाटण्याचा हक्क आपल्याला नव्हता. 'रघु' कोणीही घ्यावा, बदलावा आणि वाटावा. २००८ मध्ये जोशी सरांचे निधन झाले.

याच संस्थेत २००० च्या आसपास 'इंडिक्स' प्रकल्प आकाराला आला. लिनक्सचा पडदा सांभाळणाऱ्या व्यवस्थेतच भारतीय जोडाक्षरांची समज घालायची, असा तो प्रयत्न होता. पुढे जगाने वेगळी वाट धरली, पण आपल्या लिप्या लिनक्सवर नीट दिसू शकतात हे दाखवण्याचे काम अशा प्रयत्नांनी केले. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधील प्रा. जितेंद्र शाह आणि त्यांच्या 'इंडिकट्रान्स' गटाने 'गार्गी' हा सुरुवातीच्या मुक्त युनिकोड देवनागरी फॉन्टांपैकी एक दिला. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने 'लोहित' फॉन्टमाला मुक्त केली आणि त्यावर पुण्यातील अभियंत्यांनी अनेक वर्षे मेहनत घेतली.

'दर्या' आणि 'दऱ्या'

या मेहनतीची गरज काय होती, ते दोन शब्दांवरून कळेल. 'दर्या' म्हणजे समुद्र. कोकणातल्या आपल्या माणसांना हा फारसीतून आलेला शब्द वेगळा सांगायला नको. आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. फरक एवढाच, की एकात रफार आहे आणि दुसऱ्यात आडवा अर्धा र. हा आडवा र हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणेही हिंदी छपाईपेक्षा वेगळी. हिंदीपुरता बनवलेला फॉन्ट मराठीवर लादला, तर आपल्या भाषेचे बारकावे हरवतात. मोठ्या कंपनीला एवढ्या तेवढ्या र साठी वेळ काढणे परवडेलच असे नाही. उघड्या वहीत मात्र मराठी जाणणारा माणूस स्वतः जाऊन दुरुस्ती करू शकतो.

उर्दूचा अनुभवही असाच आहे. नस्तालिक ही तिची देखणी, पण संगणकाला अवघड जाणारी लिपी. कित्येक वर्षे उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हाताने लिहून छापली जात. १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या 'नूरी नस्तालिक'ने यंत्रावर उर्दू जुळवणे शक्य केले. १९९४ च्या सुमारास दिल्लीच्या कंपनीचे 'इनपेज' आले. त्याने उर्दू छपाई बदलली, पण ते विकत घ्यायचे सॉफ्टवेअर होते आणि त्यातला मजकूर बाहेर सहज वाचता येत नसे. आज 'नोटो नस्तालिक उर्दू' हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली कोणालाही मिळतो.

मराठी आणि उर्दूला एकत्र आणणारे मुंबईचेच एक उदाहरण पाहा. 'एक टाइप' या इथल्या अक्षरकारांच्या गटाने 'बालू' ही मुक्त फॉन्टमाला केली. तिच्यात प्रत्येक लिपीचे नाव गमतीने ठेवले आहे: गुजरातीसाठी 'बालू भाई', बंगालीसाठी 'बालू दा' आणि उर्दूसाठी 'बालू भाईजान'! देवनागरी आणि उर्दू अक्षरे एकाच वळणाची हवी असतील, तर शाळेच्या फलकापासून लग्नपत्रिकेपर्यंत ती कोणालाही फुकट वापरता येतात.

'हर्फबाज'चा अर्थ

सध्या अक्षरे जुळवणारा सर्वांत महत्त्वाचा मुक्त प्रोग्राम 'हार्फबझ' हा आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत तो असतो. त्याचे प्रमुख शिल्पकार बेहदाद इस्फहबोद हे मूळचे इराणचे. फारसी लिपी संगणकावर नीट यावी, या कामातूनच ते या क्षेत्रात आले. प्रोग्रामचे नावही फारसी: 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे उघडा. आपल्याकडे 'बाज' म्हटले की दगाबाज, चालबाज आठवतात. इथे मात्र त्याचा अर्थ 'खुले अक्षर' असा होतो. आपण मोबाइलवर 'दऱ्या' लिहितो, तेव्हा तो आडवा र जागेवर बसवण्याचे काम बहुधा हाच हर्फबाज करत असतो. फारसीसाठी झटणाऱ्या माणसाचे काम मराठीच्या कामी येते, आणि तेही एक पैसा न मागता.

आपल्या घरातून काय देता येईल?

वाचकहो, ही सगळी कामे घेणारे कोट्यवधी आहेत, देणारे थोडे. देण्यासाठी मोठा अभियंता असण्याची गरज नाही. घरातला मुलगा किंवा मुलगी आयटी, कॉम्प्युटर शिकत असेल, तर एखाद्या मुक्त प्रकल्पातील चूक शोधून कळवणे, मग ती दुरुस्त करणे, येथून सुरुवात करता येते. असे काम सर्वांना दिसते, त्यामुळे पुढे नोकरी शोधतानाही ते दाखवता येते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिबरऑफिससारख्या मुक्त प्रोग्रामचे मराठी पाठ आहेत. ते घरबसल्या, विनामूल्य शिकता येतात.

संगणक येत नसेल, पण भाषा चांगली असेल, तर भाषांतराचे काम आहे. फायरफॉक्स मराठीत दिसतो, तो कोणीतरी बसून त्यातला शब्दन्‌शब्द मराठीत आणला म्हणूनच. आणि ज्यांना टाइप करणेही जमत नाही, त्यांच्यासाठी मोझिलाचा 'कॉमन व्हॉइस' आहे. पडद्यावरचे वाक्य मोठ्याने वाचायचे, तो आवाज मुक्त संग्रहात जमा होतो आणि त्यावरून यंत्रे भाषा समजायला शिकतात. त्यात मराठीही आहे आणि उर्दूही. आपल्या अम्मी-नानींचा कोकणी किंवा मराठवाडी वळणाचा उच्चार त्यात नसेल, तर उद्याचा मोबाइल त्यांचे बोलणे समजणार कसा?

आज आपली मुले मराठीही इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि उर्दूही. अक्षरे नव्हती म्हणून असे झाले, असे आता म्हणता येणार नाही. ती जुहू-पार्ल्यात, माटुंग्यात, पुण्यात आणि इराणातून आलेल्या माणसांच्या हातांनी तयार होऊन आपल्या खिशात आली आहेत. आज रात्री मुलाच्या मोबाइलवर मराठी आणि उर्दूचा कीबोर्ड सुरू करून द्या, आणि त्याला 'दर्या' व 'दऱ्या' लिहून दाखवायला सांगा.