नेट अडतं कुठे? भाग ७ : हॉटस्पॉट राऊटर आणि लॅन केबल

गेल्या भागात सिम कार्डावर चालणारा राऊटर आणि वायफाय यांची जोडी पाहिली. आज त्याच राऊटरला केबलने जोडलेला कॉम्प्युटर. गावातलं आपले सरकार सेवा केंद्र, दूध संकलन केंद्र, एसटी स्टँडसमोरचं झेरॉक्सचं दुकान अशा ठिकाणी ही जोडणी हमखास दिसते. तिथल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा वायफाय नसतं, आणि गावात फायबर आलेली असली तरी रस्त्याच्या खोदकामात ती तुटली की दुरुस्तीची वाट बघत बसावं लागतं. मग सिमवरचा राऊटर आणि एक लॅन केबल, एवढ्यावर सगळं काम चालतं.

दारात दाखल्यांसाठी माणसं उभी, पीकविम्याची मुदत आजच संपतेय आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘नो इंटरनेट’. अशा वेळी हात आपोआप चालू लागतात. राऊटर बंद-चालू केला, केबल काढून परत लावली, सिम पुसलं, जाता जाता विंडोजचं एखादं सेटिंगही बदललं. नेट आलं तरी ते कशामुळे आलं हे कळत नाही, आणि न आलं तर आता मूळ बिघाडाच्या जोडीला बदललेलं सेटिंगही निस्तरावं लागतं. म्हणून सांगणं एकच: वाट नेमकी कुठे अडली आहे ते आधी ठरवा, आणि तोवर काहीही बदलू नका. हे ठरवायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

वाटेचे टप्पे तीन. कॉम्प्युटरपासून राऊटरपर्यंत केबल, राऊटरपासून टॉवरपर्यंत रेडिओ लहरी, आणि टॉवरच्या पुढे कंपनीचं जाळं. पहिला निवाडा मोबाइलने होतो. मोबाइल त्याच राऊटरच्या वायफायला जोडा आणि एखादी वेबसाइट उघडून पाहा. मात्र त्याआधी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करा. वायफायवर नेट नसेल तर बरेच फोन काही न सांगता आपल्या सिमवर जातात, साइट उघडते आणि राऊटर ठीक असल्याचा गैरसमज होतो. कितीतरी चांगल्या केबल्स या एका गैरसमजापायी कचऱ्यात गेल्या असतील. डेटा बंद ठेवूनही साइट उघडली, तर सिम, रेंज, रिचार्ज सगळं नीट आहे आणि दोष केबलच्या बाजूला आहे. तसंच, कॉम्प्युटरला वायफाय असेल तर केबल तपासताना तेही बंद ठेवा. दोन्ही चालू असली तर उत्तर कुठून आलं ते समजणार नाही.

आता केबल. लॅन केबल जिथे शिरते त्या खाचेशी सहसा दोन बारीक दिवे असतात. केबल लावल्यावर एकही दिवा लागला नाही, तर विंडोजमध्ये शिरूच नका. टोकाचं प्लास्टिकचं लॉक तुटलेलं असेल, केबल निम्मीच बसली असेल, टेबलामागे उंदराने कुरतडली असेल, किंवा पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडली तेव्हा पोर्टच जळाला असेल. दुसरी केबल लावून पाहिली की बराच उलगडा होतो.

दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो असं होत असेल तर ते जरा सविस्तर सांगायला हवं. केबलच्या आत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटचा वेग त्यातल्या दोनच जोड्यांवर चालतो, नेहमीच्या रंगरचनेत नारिंगी आणि हिरव्या. गिगाबिटला मात्र आठही तारा लागतात. घाईत क्रिंप केलेल्या टोकात निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नसेल, तर दोन्ही बाजूंची यंत्रं गिगाबिटचा प्रयत्न करतात, फसतात, जोडणी तोडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. नवी केबल मिळेपर्यंत यावर उतारा आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ असतं, तिथे ‘१०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स’ निवडायचं. सिमवरचं नेट गावात १०० मेगाबिटच्या वर क्वचितच जातं, त्यामुळे यात गमावण्यासारखं काही नाही.

दिवा स्थिर आहे, तरी नेट नाही? मग कॉम्प्युटरला त्याचा पत्ता विचारायचा. कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजी अक्षरांत एकसलग ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा आणि एंटर दाबा. इथरनेटच्या खाली ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ आणि ‘डीफॉल्ट गेटवे’ अशा दोन ओळी दिसतील. या सगळ्या शोधात याहून बोलकं काही नाही.

केबल लागताच कॉम्प्युटर जोडणीवर पुकारा करतो की मला पत्ता द्या. राऊटर त्याच्याकडच्या यादीतला एक मोकळा पत्ता देऊ करतो, कॉम्प्युटर तो स्वीकारतो, राऊटर पक्कं करतो. या देवघेवीला डीएचसीपी म्हणतात. पत्ता १९२.१६८ ने सुरू झालेला दिसला, तर ही देवघेव बहुधा पार पडली आहे. पण तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कॉम्प्युटरने पुकारा केला, कुणी ओ दिली नाही, आणि शेवटी त्याने स्वतःच एक पत्ता घेतला. बिनराऊटरचे दोन-चार कॉम्प्युटर थेट एकमेकांना जोडले तर त्यांचं भागावं म्हणून ही सोय आहे. २००५ मध्ये तिचं मानक ठरलं. विंडोजमध्ये ती त्याआधीच, विंडोज ९८ पासून होती. या पत्त्यावरून इंटरनेटला जाता येत नाही. म्हणजे १६९.२५४ दिसलं की सिम, रेंज आणि रिचार्ज यांचा विचार सोडून द्यायचा. कॉम्प्युटर अजून राऊटरपर्यंतच पोहोचलेला नाही.

दिवा लागलेला असताना ओ का मिळत नाही, याचं एक कारण सिमच्या राऊटरांत वारंवार सापडतं आणि माहीत नसेल तर दिवसभर छळतं. यांतल्या बऱ्याच राऊटरांवर लॅनचा पोर्ट एकच असतो, आणि त्याच्याकडून दोन उलट कामं करून घेता येतात. लॅन म्हणून ठेवला तर राऊटर त्यातून कॉम्प्युटरला नेट देतो. वॅन म्हणून ठेवला तर त्याच पोर्टातून राऊटर स्वतः बाहेरचं ब्रॉडबँड घ्यायला बसतो. वॅनवर असलेल्या पोर्टाला कॉम्प्युटर जोडला की एकीकडे कॉम्प्युटर पत्ता मागतोय आणि दुसरीकडे राऊटरही पत्ताच मागतोय. देणारा कुणीच नाही. दोन्हीकडचे दिवे मात्र मजेत लुकलुकत असतात. चार पोर्टच्या राऊटरवरही एखाद्या पोर्टाला ‘लॅन/वॅन’ असं नाव असतं. तिथे केबल आधी शेजारच्या, नुसतं ‘लॅन’ लिहिलेल्या पोर्टात लावून पाहा. पोर्ट एकच असेल तर मोबाइलवरून राऊटरचं सेटिंगचं पान उघडा आणि तो लॅनवर आणा. काही राऊटरांत या पर्यायाला ‘४जी राऊटर मोड’ आणि ‘वायरलेस राऊटर मोड’ अशी नावं असतात; आपल्याला पहिला हवा. पानाचा पत्ता आणि पासवर्ड सहसा राऊटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. बदल केल्यावर केबल काढून पुन्हा लावा, म्हणजे कॉम्प्युटर लगेच नव्याने पत्ता मागेल.

आता उलटा प्रकार. पत्ता १९२.१६८ चाच आहे, दिसायला अगदी सरळ, तरी नेट नाही. हा कॉम्प्युटर पूर्वी दुसऱ्या कनेक्शनवर किंवा एखाद्या कचेरीत होता का, ते विचारा. तिथे कुणीतरी पत्ता हाताने भरलेला असतो आणि तो तसाच राहतो. कॉम्प्युटर म्हणतो माझा गेटवे १९२.१६८.१.१, तर नवा राऊटर बसलाय १९२.१६८.८.१ वर. ज्या दारावर तो थाप मारतोय ते दार या घरात नाहीच. ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’च्या खिडकीत ‘ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली’ निवडा, आणि त्याच्या खालचा डीएनएसचा पर्यायही ऑटोमॅटिकवर न्या. हा दुसरा पर्याय लोक विसरतात. जुने आकडे मात्र आधी कागदावर लिहून ठेवा, कॉम्प्युटर पुन्हा कचेरीत गेला तर तेच लागतील.

पत्ता ठीक, गेटवे ठीक. आता ‘पिंग’ लिहून एक जागा सोडा, गेटवेचा आकडा टाका. उत्तर आलं तर केबलचा टप्पा निर्दोष ठरला. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं उत्तर खुद्द आपल्याच कॉम्प्युटरच्या पत्त्यावरून आलं, तर राऊटर अजून सापडलेला नाही, मागे फिरा. मग पिंग ८.८.८.८. हा गूगलचा डीएनएस सर्व्हर आहे, २००९ पासून चालू. गेटवे उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तर अडचण राऊटरच्या पलीकडे, म्हणजे रेंज, रिचार्ज किंवा एपीएन (सिमच्या कंपनीच्या जाळ्यात शिरण्यासाठी राऊटरमध्ये भरायचं नाव). ८.८.८.८ उत्तर देतो पण नावाने साइट उघडत नाही, तर दोष नावाचा आकडा करून देणाऱ्या डीएनएसमध्ये आहे. तिथे हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरलं की बहुतेक वेळा काम होतं.

एक लक्षण माणसाला फार गोंधळात टाकतं. यूट्यूब चालतंय, गूगल चालतंय, पण ज्या पोर्टलवर अर्ज भरायचा तेच उघडत नाही. सगळे पोर्टलला बोल लावतात, आणि खरंच कधी पोर्टल बंद असतंही. पण मोबाइलच्या जाळ्यात आता आयपीव्ही६ हे नवं पत्तेशास्त्र सर्रास वापरलं जातं. राऊटरला टॉवरकडून फक्त आयपीव्ही६ चा पत्ता मिळाला आणि जुन्या पद्धतीच्या साइटकडे जायची तजवीज नसली, तर दोन्ही पद्धती जाणणाऱ्या मोठ्या साइट उघडतात आणि फक्त जुनी जाणणाऱ्या अडतात. राऊटरच्या एपीएन पानावर पत्त्याचा प्रकार ‘आयपीव्ही४व्ही६’ आहे ना, ते पाहा.

आणि घड्याळ! मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की जुना कॉम्प्युटर प्लग काढल्यावर तारीख विसरतो आणि सकाळी काही वर्षं मागे जाऊन उठतो. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. कॉम्प्युटरच्या हिशेबात ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर साइट अडवतो आणि जोडणी खासगी नाही असा इशारा देतो. पिंग उत्तम चालतं, केबल उत्तम असते. तारीख नीट करा आणि सेल बदला.

खिशात मावणारे हॉटस्पॉट बऱ्याचदा लॅन पोर्टशिवायच येतात आणि यूएसबी केबलने जोडले जातात. तिथे पहिला संशय केबलवरच घ्या. चार्जिंगपुरत्या स्वस्त केबलमध्ये वीज वाहणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतात. हॉटस्पॉट चार्ज होत राहतो आणि कॉम्प्युटरला तो दिसतच नाही. काही हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी ‘फक्त चार्जिंग’वर ठेवलेलं असतं, तेही पाहा. डोंगल लावल्यावर नेटवर्कऐवजी एखादी सीडी ड्राइव्ह दिसू लागली तर घाबरू नका. ड्रायव्हर त्या नकली सीडीतच ठेवलेला असतो. तो बसवला की डोंगल आपलं खरं रूप घेतं.

नेट सुरू झाल्यावर एक काम मात्र त्याच दिवशी करा. केबलने आलेलं नेट विंडोजच्या लेखी अमर्याद असतं, त्यामागे रोजच्या दीड जीबीचं सिम आहे हे त्याला कसं कळणार? अपडेट उतरवायला लागला की दुपारपर्यंत कोटा संपतो आणि अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने १ एमबीची फाइल उतरायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. पिंगला उत्तर येत राहतं, पानं मात्र अर्ध्यात थांबतात, आणि लोक पुन्हा केबल हलवायला लागतात. विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज, मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘इथरनेट’ उघडा आणि ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. त्यानंतर विंडोज बहुतेक अपडेट आपणहून उतरवत नाही. पण सुरक्षेचे अपडेट कायमचे टाळू नका. महिन्यातून एकदा, काम संपल्यावर उरलेल्या कोट्यात ते हाताने करून घ्या.

पुढच्या भागात : राऊटर ठेवायचा कुठे, रेंजच्या पट्ट्यांवर किती विश्वास ठेवायचा, आणि दिवसरात्र चार्जिंगला लावलेल्या हॉटस्पॉटची बॅटरी का फुगते.